धुमाळ सरांची कोरी नळी

न्हाव्यानं डोक्याला तेल चोळून "सर, महिन्यात केस येतील बघा" म्हटलं, तर माणूस फार तर हसेल. धुमाळ सर खुर्चीतून ताडकन उठले. "हे तेल ज्याला लावलंच नाही असं दुसरं टक्कल कुठाय? कोरी नळी कुठाय तुमची?" आणि अर्ध्या हजामतीनिशी भोरच्या बाजारपेठेतून तणतणत कॉलेजात येऊन त्यांनी तास घेतला.

सर रसायनशास्त्राचे, मी इतिहासाचा. आमच्या राहत्या खोल्यांमध्ये एकच भिंत. त्यांच्या पीएच.डी.चे गाइड पुण्यात, प्रयोग मात्र भोरात, आतून काळ्या रंगवलेल्या चहाच्या खोक्यात. अंड्याच्या बलकातली चरबी काढून ते पाण्यात तिचे बारीक पडदे करत आणि त्यात एक रंग सोडत. हा रंग पाण्यात गप्प. चरबीच्या पडद्यात शिरला की अतिनील दिव्याखाली निळा चमकतो. मग एन्झाइम घालायचं. त्यानं पडदा कुरतडला की चमक उतरणार. शेजारी एक नळी बिनरंगाची. ती कोरी, ती अंधारीच राहिली पाहिजे; चमकली तर चमक रंगाची नव्हे, दुसऱ्याच कशाची.

"रंग हा आपला हेर. पण हेर खोटं बोलत नाही कशावरून?" हा त्यांचा संताप चोवीस तास चालू. किकवीची एस.टी. ड्रायव्हरमुळे उशिरा येते असं कुणी म्हणालं, की "तोच ड्रायव्हर दुसऱ्या गाडीवर बसवून पाहिलात?" स्टाफरूम हसायची. सगळ्यात मोठ्यांदा मी.

दिवाळीनंतर त्यांची आई पालीहून राहायला आली. आणि नळ्यांची चमक उतरेना. एन्झाइम दुप्पट केलं, तरी पडदे लखलखीतच. सर नाचायचे बाकी राहिले. "पडदा एन्झाइमला दाद देत नाही! हे नवीन आहे!" गाइडनी शोधनिबंध मागवला. न्हाव्याकडे कोरी नळी मागणाऱ्या या गृहस्थानं आनंदाच्या भरात स्वतःची कोरी लावलीच नाही.

मग एकदा नळी उचलायला त्यांनी त्या काळ्या खोक्यात हात घातला आणि त्यांच्या सदऱ्याची बाही तश्शीच निळी चमकली.

नळ्या शिपायाला द्यायच्या नाहीत, टोपलीत घालून घरी आणून स्वतः अ‍ॅसिडनं धुवायच्या, असा सरांचा नेम. "आये, नळ्या कुणी धुतल्या?" हा आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू आला.

"म्या. त्या आसिडानं तुज्या हाताची सालटी निगाल्यात. कापडं उजळ करनारी पावडर घातली. बग कशा लखलखत्यात!"

त्या पावडरीतला चमकणारा पदार्थच सदऱ्यासारखा काचेलाही चिकटला होता. आता स्फोट होणार म्हणून मी दारात जाऊन उभा राहिलो.

"लई झ्याक झाल्यात, आये," सर म्हणाले.

पुण्याला जाऊन त्यांनी निबंध मागे घेतला. चूक माझी, एवढंच सांगितलं. पदवी लांबली. चिडलो मी. "अहो, निदान नळ्यांना हात लावू नका म्हणून त्यांना सांगा तरी!"

"आणि मग दिवसभर ती काय करील इथं?" सर माझ्यावर कडाडले. "गावाकडं शेत, म्हशी, बोलायला बाया. इथं चार भिंती. हाताला काम आहे म्हणून राहिलीय. नाहीतर पहिल्या एस.टी.नं पाली गाठील. मग मी बोलू कुणाशी? तुमच्याशी? तुम्ही हसता."

माझी आई आली होती तेव्हा मी तिला "कशाला हात लावू नकोस, बसून राहा" म्हणायचो. ती लवकरच परत गेली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पुढे आई घरी पावडरीनं नळ्या धुवायची आणि सर त्याच नळ्या प्रयोगशाळेत पुन्हा अ‍ॅसिडनं धुवायचे. "हात आजून बरं हुईनात रं," ती म्हणे. "थंडीनं," सर सांगत. वैशाखातसुद्धा.

एका रविवारी प्रयोगशाळा उघडी दिसली म्हणून डोकावलो. त्या दिवशी प्रयोग नव्हता, म्हणजे घरी धुवायला न्यायच्या नळ्याही नव्हत्या. सर बाकावर बसून स्वच्छ नळ्यांना आतून अंड्याचा बलक फासत होते. मला पाहून खेकसले, "बघताय काय? त्या चार नळ्या द्या इकडं. टोपली अजून अर्धी रिकामी आहे."