लोणच्यातले ब्रेक

कुमुद गेल्याचं विश्वंभर जोगांना खरं कळलं ते ती गेल्यानंतर दोन महिन्यांनी, शेखाडीच्या उतारावर.

तोवर सगळे विधी झाले होते. माणसं येऊन रडून गेली होती. तिच्या साड्या शेजारच्या काशीकाकूंनी वाटून टाकल्या होत्या. पण मे महिन्यात एका सकाळी ते दिवेआगरहून श्रीवर्धनला एकटेच परत येत होते. उतार आला, वळण आलं, आणि वळणापुढे बोंबील वाळत घातलेली बांबूची वलांडी आली. या ठिकाणी डावीकडून नेहमी एक आवाज यायचा. तो आला नाही, म्हणून त्यांचा पायही ब्रेकवर गेला नाही. गेला तेव्हा उशीर झाला होता. गाडी वलांडीत शिरली आणि बोनेटवर बोंबलांचं तोरण घेऊन उभी राहिली.

गाडी म्हणजे जुनी, सात माणसं बसणारी डिझेलची एसयूव्ही. कुमुद तिला म्हैस म्हणायची. रंग काळा, चाल संथ, आणि पाण्यात बसली की उठत नाही, म्हणून.

वलांडीची मालकीण बायजा घरातून बाहेर आली. "काका, येवडी मोठी वलांडी दिसली न्हाय व्हय? आनि बाय कुठं हाय? झोपली काय? बाय आसली की पार वरनं ऐकू येतं, हळू हो, हळू. आमी म्हनतो, आली श्रीवर्धनची गाडी."

"बाई गेल्या," विश्वंभर म्हणाले. "मार्चमध्ये."

बायजाने बोनेटवरचे बोंबील एकेक करून सोडवले, त्यातले तुटके कागदात बांधले आणि पुडकं डावीकडच्या सीटवर ठेवलं.

"मी खात नाही," विश्वंभर म्हणाले.

"म्हाईत हाय. शेजारी द्या कुनाला. पन झालं काय तुमाला?"

"ब्रेक लागले नाहीत," विश्वंभर म्हणाले. दुसरं जे झालं होतं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. ब्रेकचं सांगण्यासारखं होतं.

बायजाच्या मुलाने तेवढ्यात फोटो काढला होता. तो कुठून कुठे फिरला कोण जाणे, पण संध्याकाळी खारघरहून आश्लेषाचा, म्हणजे लेकीचा, फोन आला.

"बाबा, आपल्या गाडीवर मासे का वाळत घातलेत?"

"ब्रेक जरा कमी पडले."

"कमी पडले म्हणजे? पुढे माणूस असता तर? हे बघा, रविवारी मी येते. गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. गाडी देऊन टाकू. तुम्हाला कुठे जायचं असेल तर रिक्षा आहे."

"मी ब्रेक बदलतोय," विश्वंभर म्हणाले. हे त्यांना स्वतःलाही त्याच क्षणी कळलं. "नुसते बदलत नाही, मोठे बसवतोय. पुढच्या मॉडेलचे. रविवारी तू स्वतः बसून बघ. नाही थांबली तर ने."

अशी पैज लागली. डावीकडची ती सीट आता कुणा गिऱ्हाइकाची बायको वापरणार, हा विचार त्यांना सहन होईना. त्यांनी पनवेलहून मोठ्या डिस्क, त्यांना दोन्हीकडून आवळणारे मोठे कॅलिपर आणि मध्ये घासणारे नवे पॅड मागवले. बुधवारी एसटीने खोकं आलं.

खोकं उचलून आणलं ते कोंडाजीने. कोंडाजी भोस्ते एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. गावाकडे त्याची भातशेती होती, ती मुलगा बघायचा, आणि हा श्रीवर्धनात राहून सगळ्यांच्या गाड्या बघायचा. बोंबलांचं पुडकं त्यालाच मिळालं होतं, त्यामुळे ब्रेकच्या कामात तो मनापासून होता.

"भाऊ, काय घाबरू नका. मी वरंध घाटात एसटीचे ब्रेक गेलेले असताना गाडी खाली आणलीय."

"कशी?"

"ते आता आठवत न्हाय. डोळं मिटलेलं व्हतं."

खोकं ओटीवर ठेवायला आणि काशीकाकू कुंपणाच्या बेड्यातून, म्हणजे बांबूच्या फाटकातून, आत यायला एकच गाठ पडली. काकू कुमुदच्या जिवाभावाच्या. दोघींचं लोणचं दरवर्षी एकत्र पडायचं. यंदाही काकूंनी दोन्ही घरांचं घातलं होतं.

"हे काय आणलंत?"

"ब्रेक."

"नवे?"

"नवे."

"भावजी, वर्ष व्हायचंय अजून. वर्षाच्या आत घरात नवी वस्तू आणत नाहीत. कुमुदला चाललं असतं का?"

कुमुदला चाललं असतं की नाही हे आता विचारता येण्यासारखं नव्हतं. विश्वंभर उरणला एका कंपनीच्या सुरक्षा विभागातून निवृत्त झालेले. नियम म्हटला की त्यांची मान आपोआप हलायची.

"दुरुस्ती आहे काकू. वस्तू नाही."

"दुरुस्ती म्हणजे जुनं असतं ते नीट करणं. हे तर खोक्यात आहे."

"मंग जुनं करू," कोंडाजी म्हणाला. "एकदा वापरलं की जुनं झालं. व्हय का न्हाय?"

काकूंनी विचार केला. शास्त्रात याला आडकाठी दिसेना. "पण वापरायचं कशासाठी? माझ्याकडे दाबाला दगड कमी पडलाय बघा. लोणच्याच्या फोडी वर येतायत. एक दिवस हे ठेवते त्यावर. उद्या संध्याकाळी न्या. घरातलंच वापरातलं सामान, मग काही प्रश्न नाही."

विश्वंभरना हे अगदी पटलं. नियमही मोडला नाही आणि रविवारही चुकणार नव्हता. डिस्क लोणच्याच्या पातेल्यातल्या ताटलीवर गेल्या. कॅलिपर डिस्कवर. आणि काहीच नवं राहायला नको म्हणून काकूंनी चारही पॅड उघडून ताटलीच्या कडेने नीट मांडले, देवासमोर निरांजनं मांडतात तसे. रात्रीतून फोडी दबल्या आणि तेल वर आलं. तेलाचं ते कामच आहे.

गुरुवारी संध्याकाळी सामान परत आलं तेव्हा सगळ्यावर एक छान तकाकी होती.

"पुसून दिलंय हो," काकू म्हणाल्या. "धुतलं नाही, गंजेल म्हणून. इथली हवा."

शुक्रवारी काम सुरू झालं. विश्वंभरनी गाडीभोवती लाल फीत बांधली, डोक्यावर कंपनीतलं पिवळं हेल्मेट घातलं आणि एक कोंडाजीला दिलं. चाकामागे दगड, जॅकखाली फळी. मोबाइलवर एक माणूस हे सगळं दहा मिनिटांत करून दाखवत होता. त्यांना दुपार झाली. नट गंजलेले होते, आणि प्रत्येक नटाला कोंडाजी एसटीतल्या कुठल्या ना कुठल्या अधिकाऱ्याचं नाव देऊन पाना मारत होता.

"हे जरा बुळबुळीत लागतंय," एका पॅडला हात लावून विश्वंभर म्हणाले.

"नवा माल हाय. कंपनीचं ग्रीस असतं," कोंडाजी म्हणाला. त्याने बोट हुंगलं. "चांगल्या कंपनीचं हाय."

मग ब्रेकची हवा काढायची होती. कोंडाजी आत बसून पेडल दाबायचा, विश्वंभर चाकाशी आडवे होऊन नट सैल करायचे.

"दाबून धर."

"धरलाय."

"धरलायस ना?"

"भाऊ, बत्तीस वर्सं हेच केलंय. कोन येऊन सोड म्हनला न्हाय."

सगळं जागेवर बसलं. चाकं चढली, फीत सुटली. पॅड बसायला गाडी थोडी पळवून ब्रेक मारावे लागतात, असं मोबाइलमधला माणूस म्हणाला होता. म्हणून विश्वंभर वाडीतल्या मातीच्या वाटेने सुपारीच्या रांगांमधून गाडी पुढे नेऊ लागले, थांबवू लागले, परत आणू लागले. पहिल्या फेरीला गाडी थांबली. पुढच्या फेरीला जरा पुढे जाऊन थांबली. त्याच्या पुढच्या फेरीला एक वास आला.

"भाऊ, मोहरी," कोंडाजी म्हणाला.

"काय?"

"मोहरी तडतडतीय. आनि मेथी."

पुढच्या दोन्ही चाकांतून निळा धूर निघत होता. विश्वंभरनी ब्रेकवर पाय दिला. पाय खालपर्यंत गेला नाही, पेडल चांगलं टणक होतं, पण गाडीला त्याचं काही नव्हतं. ती माणूस चालेल त्या वेगाने, अजिबात घाई न करता, काकूंच्या कुंपणाकडे निघाली. घाई नव्हती म्हणूनच ते जास्त वाईट होतं. दोघांनाही विचार करायला वेळ मिळाला आणि दोघांनाही काही सुचलं नाही. बेडं मोडलं, कपडे वाळत घालायची दोरी तुटली, आणि शेवटी गाडी काकूंच्या शेणखताच्या ढिगात नाक खुपसून थांबली. काकूंच्या लुगड्याचा पदर काचेवर पसरला होता, त्यामुळे आतून सगळं जांभळं दिसत होतं.

काकू बाहेर आल्या त्या हुंगत आल्या. "फोडणी कुणी केली?" मग त्यांनी गाडी पाहिली. मग धूर पाहिला. आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू पडला, कारण त्या हुशार होत्या. "अगं बाई. पॅडना तेल चालत नाही का?"

"नाही चालत," विश्वंभर म्हणाले.

"मग मला आधी सांगायचं नाही? मी मिठातल्या कैऱ्यांवर ठेवले असते."

कुणी कुणाला बोल लावला नाही. चूक अशी होती की सगळ्यांना सारखी वाटून घेता आली.

शनिवारी पनवेलला फोन केला. नवे पॅड पुढच्या आठवड्यात मिळणार होते. तेल प्यायलेले पॅड साफ होत नाहीत, असं कोंडाजी म्हणाला आणि या वेळी मोबाइलमधला माणूसही तेच म्हणाला. मोठ्या कॅलिपरमध्ये जुने पॅड बसणार नव्हते. म्हणजे सगळंच उतरवायचं आणि जुनं सगळं पुन्हा चढवायचं.

जुन्या पॅडचा डबा कोंडाजीने उघडला. एक पॅड हातात घेऊन त्याने उलटा केला, सुलटा केला.

"भाऊ, ह्ये तर निम्म्याच्या वर जाड हायत."

विश्वंभर नट शोधत होते.

"भाऊ, ऐकलाव का? ह्यास्नी काय झालेलं न्हाय. डिस्क पन सरळ हायत. मंग शेखाडीला गाडी का थांबली न्हाय?"

"पाय उशिरा दिला मी."

"का?"

विश्वंभर जमिनीवर बसले. हेल्मेट काढून त्यांनी मांडीवर ठेवलं. "कुणी सांगितलं नाही म्हणून."

कोंडाजीने पॅडवरची धूळ अंगठ्याने काढली. मग म्हणाला, "आमाला कंडक्टर व्हता. घंटी मारायचा. एकदा त्याची घंटी बिघडली, तर मी म्हसळ्याचा थांबाच सोडून गेलो. भरलेल्या गाडीतून कोन वरडलं न्हाय, सगळ्यांना वाटलं आज गाडी थेट हाय." त्याने पॅड पुढे केला. "चला, चढवा. उद्या पोरगी यायची हाय."

रविवारी आश्लेषा आली. तिने गाडीभोवती फेरी मारली. काळी म्हैस धुऊन पुसून उभी होती. शेणखत एखाद्या फटीत राहिलं असेल तेवढंच.

"लोणच्याचा वास येतोय का?"

"काकूंकडचा," विश्वंभर म्हणाले.

"चला. शेखाडीलाच जाऊ."

ती डावीकडे बसली. मागे कोंडाजी बसला, कारण काही झालंच तर साक्षीदार हवा, असं त्याचं म्हणणं. शेखाडीच्या पुढे वर जाऊन विश्वंभरनी गाडी वळवली आणि उताराच्या तोंडाशी ती दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. शेजारी लेक होती. तिच्या पायांशी पिशवी होती, पिशवीत काकूंच्या लोणच्याचा डबा होता. त्यांनी वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेकवर पाय ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

गाडी ओळखून खालच्या बायकांनी आपापल्या वलांड्या उचलायला घेतल्या होत्या. बायजा तर बोंबलांची दोरी खांद्यावर घेऊन दारातच उभी होती. म्हैस तिच्या अंगणापासून बऱ्याच अंतरावर, न कुरकुरता, थांबली.

"थांबली की," बायजा म्हणाली. ती जरा हिरमुसल्यासारखी वाटली. "काय केलाव काका?"

"बाबांनी स्वतः नवे ब्रेक बसवले," आश्लेषा म्हणाली. "घरी. मोठे."

कोंडाजीला मागे खोकला आला.

आश्लेषाने बापाकडे पाहिलं. मग दार उघडून खाली उतरली. "परत जाताना मी चालवते. मलाही बघू दे."

विश्वंभर डावीकडे जाऊन बसले. त्या सीटवर ते पहिल्यांदाच बसत होते. तिथून रस्ता वेगळाच दिसत होता, प्रत्येक खांब अंगावर येत होता. आश्लेषा चांगली चालवायची, पण मुंबईकडची. पहिल्या वळणाला त्यांनी वरचं हँडल धरलं. दुसऱ्या वळणाला एक गाय आडवी आली आणि त्यांचा उजवा पाय जोराने खाली गेला.

"बाबा, त्या बाजूला ब्रेक नाहीये."

"माहीत आहे."

"मग काय दाबताय?"

पाय तिथेच दाबून धरलेला होता, कुमुद धरायची तसा. गाय गेल्यावरच त्यांनी तो उचलला. आश्लेषाने पुढे वेग कमी केला तो घर येईपर्यंत वाढवला नाही, आणि डोळे पुसायचे म्हणून एकदा मध्येच थांबलीही. गाडी तेव्हाही व्यवस्थित थांबली.

घरी उतरल्यावर ती म्हणाली, "गिऱ्हाइकाला मी नाही सांगते. पण घाटात, उतारावर एकट्याने जायचं नाही. कोंडाजीकाका शेजारी बसतील. बसाल ना काका?"

मागच्या सीटवरून घोरणं ऐकू आलं. कोंडाजी झोपला होता. स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात असलं की तो झोपायचा, ही त्याची बत्तीस वर्षांची सवय होती.

"बसतील," विश्वंभर म्हणाले.

आश्लेषा संध्याकाळच्या गाडीने परत गेली. नवे ब्रेक बसवायचे राहिले आहेत. तिला ते सांगायचंही राहिलं आहे.