ऑर्गनजवळचा आरसा

मला यंत्रांची भाषा कळते. हे मी नाही म्हणत, आमचे पाळकसाहेब म्हणाले, आणि तेही भर कमिटीत. त्यांचा प्रिंटर दोन महिने बंद होता. मी गेलो, सगळ्या बाजूंनी पाहिला आणि त्याची निसटलेली पिन सॉकेटमध्ये घातली. प्रिंटर सुरू! त्याच संध्याकाळी कमिटीनं मला आमच्या चर्चचा माध्यमप्रमुख नेमलं. माझ्या हाताखाली कोणीही नव्हतं, पण प्रमुख तो प्रमुख.

महिन्याभरात मी उपासना ऑनलाइन नेली. मागच्या भिंतीवर कॅमेरा, कोपऱ्यात संगणक आणि जमिनीवर इतक्या वायरी, की मंडळी पाय उचलून चालायला लागली. पाहणारे तिघं होते. एक माझी आत्या, जिचे गुडघे कामातून गेलेत. दुसऱ्या, पाळकसाहेबांच्या सासूबाई. तिसरा मी, फोनवरून, दिसतंय का ते बघायला.

पहिल्याच रविवारी आत्याचा फोन आला. ती चर्चच्या मागच्याच गल्लीत राहते.

"अरे, घंटा खिडकीतून आधी ऐकू येते आणि टीव्हीत नंतर वाजते. चांगलं अर्धं मिनिट. मी घड्याळ लावून बघितलं."

"आत्या, ते लाइव्ह आहे," मी समजावलं. "चित्र इथून वर जातं, तिथून तुझ्याकडे येतं. एवढ्या प्रवासाला वेळ लागणारच."

"मग त्याला लाइव्ह का म्हणायचं?"

म्हाताऱ्या माणसांना तंत्रज्ञान समजावताना धीर लागतो. तो माझ्याकडे भरपूर आहे. हे संभाषण तुम्ही कृपया लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

आता माझे सासरे. बाबा आमच्या चर्चमध्ये एकतीस वर्षं ऑर्गन वाजवतात. ऑर्गन बाजूच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे वाजवणाऱ्याची पाठ पाळकांकडे. म्हणून बाबांनी ऑर्गनवर एक आरसा अडकवला होता. त्यांच्या जुन्या स्कूटरचा. स्कूटर कधीच भंगारात गेली, आरसा मात्र नोकरीला लागला. किती पाळक आले नि गेले, प्रत्येकाची खूण बाबांनी त्या आरशात हेरली. आत्ताचे पाळकसाहेब एका प्रार्थनेत पाच-सहा वेळा आमेन म्हणतात, त्यामुळे आमेनवर विसंबून चालत नाही. प्रार्थना खरोखर संपली की ते चष्मा काढतात आणि डावा हात वर करतात. त्या क्षणी बाबांची बोटं पट्ट्यांवर पडायची.

पण दहा वाजले की खिडकीतलं ऊन त्या आरशावर पडायचं आणि तिथून थेट माझ्या कॅमेऱ्यात. आत्याला पाळकसाहेबांच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग दिसायचा. मी आरसा काढला. त्या जागी एक छानसा टॅब बसवला आणि त्यावर आमचंच प्रक्षेपण लावून दिलं. टॅबचा आवाज बंद ठेवला, कारण नाहीतर माइक किंचाळतो. एवढी अक्कल मला आहे.

बाबांनी टॅबकडे वाकून पाहिलं. "पाळकसाहेब केवढे मोठे दिसतात," ते म्हणाले. "दाढी नीट झाली नाही तेसुद्धा कळतंय." मग जरा चाचरत म्हणाले, "जावईबापू, तो आरसा मी ठेवू का?"

"ठेवा ना, आठवण म्हणून," मी मोठ्या मनानं म्हणालो.

त्यांनी तो रुमालात गुंडाळून गीतपुस्तकांच्या पिशवीत ठेवला.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी प्रार्थना संपवली, चष्मा काढला, हात वर केला. मंडळी उभी राहिली. आणि काहीच झालं नाही. चर्चमधलं अर्धं मिनिट किती लांब असतं ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. कोणी खाकरलं, कोणी चपला शोधल्या. शेवटी पाळकसाहेबांनी वेळ मारून न्यायला सूचना वाचायला घेतल्या. "आपले खजिनदार काल जिन्यावरून पडले असून," एवढं ते म्हणाले मात्र, आणि ऑर्गनमधून आनंदगीताचा धबधबा सुटला. खजिनदारांच्या बायकोनं मागे वळून बाबांकडे जे पाहिलं ते मी कॅमेऱ्यात स्पष्ट टिपलं आहे.

दुपारी कोणालाच काही उमगेना. बायको म्हणाली, "बाबा असं कधी करत नाहीत." कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "ऑर्गनवरचा पंखा दुरुस्त केला नाही म्हणून रुसले असतील." कुणीतरी ऑर्गनच्या पायपट्टीला तेल घातलं. मी कमिटीत शांतपणे म्हणालो, "वय झालं की माणसाला सगळ्याला वेळ लागतो." या वाक्याकडे आपण परत येऊ. मला यावंसं वाटत नाही, पण येऊ.

दुसऱ्या रविवारी पाळकसाहेब शहाणे झाले होते. आपण हात वर करून वाटच बघायची, असं त्यांनी ठरवलं. नेमकं बाबांनीही ठरवलं होतं की डोळ्यांवर भरवसा नको, कानांनी जायचं. त्यामुळे दुसऱ्याच आमेनला ऑर्गन सुरू झाला. मंडळी उभी राहिली. पाळकसाहेब अजून प्रार्थनेतच होते. बाबांनी चपापून टॅबकडे पाहिलं, तिथे तर प्रार्थना सुरूसुद्धा झाली नव्हती. ते थांबले. मंडळी बसली. मग खरी प्रार्थना संपली, पाळकसाहेब हात वर करून उभे राहिले आणि बाबा मांडीवर हात ठेवून टॅबमध्ये डोळे घालून बसले. एकूण चार वेळा मंडळी उठली आणि चार वेळा बसली. आत्यानं फोन करून विचारलं, "व्यायाम कधीपासून ठेवला?"

त्या आठवड्यात बाबा गप्प गप्प झाले. जेवताना कुणाच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. एक दिवस बायकोला त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कागद सापडला.

"बाबा एकटेच कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले," ती मला म्हणाली. "कान ठणठणीत आहेत म्हणे. बाबा म्हणतात, मग माझ्या डोक्यातच काहीतरी झालंय. पाळकांचं बोलणं ऐकू येतं एक आणि ओठ हलतात दुसरेच."

आता एखाद्या शहाण्या माणसाच्या डोक्यात इथे लख्ख प्रकाश पडला असता. मी म्हणालो, "टॅबचा उजेड थोडा वाढवून बघतो."

बाबांनी कमिटीला चिठ्ठी दिली. वळणदार अक्षरात एकच ओळ होती: "माझा हात आता मंडळीच्या वेळेत पडत नाही, तरी मला मोकळं करावं." कमिटीनं जड मनानं ती मान्य केली आणि यापुढे रेकॉर्ड केलेलं संगीत लावायचं ठरवलं. लावणार कोण? माध्यमप्रमुख! बायको त्यानंतर चार दिवस माझ्याशी दोनच शब्द बोलली. "दार लावा."

बाबांचा शेवटचा रविवार उजाडला. शेवटच्या प्रार्थनेच्या वेळी मी पुष्पगुच्छ घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसायचं आणि शेवटचं गीत संपलं की तो द्यायचा, असं ठरलं होतं. पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि मी मागून निघालो. मधल्या वाटेत माझ्याच वायरीत माझाच पाय अडकला, गुच्छ वाचवताना मी जवळजवळ अध्यक्षांच्या मांडीत बसलो, पण सावरलो आणि बाबांच्या बाकावर येऊन टेकलो.

बाबा मान खाली घालून टॅबकडे बघत होते. मीही बघितलं. चित्रात पाळकसाहेब नुकतेच डोळे मिटत होते. मागून एक गृहस्थ गुच्छ घेऊन आला. डोक्यावर मागच्या बाजूला चांगलं बशीएवढं टक्कल. चालताना तो वायरीत अडकला आणि अध्यक्षांच्या अंगावर गेला.

"हा कोण वेंधळा?" मी कुजबुजलो.

बाबांनी चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत चित्राकडे पाहिलं.

"जावईबापू, हे तुम्ही आहात."

"मी तर इथे बसलोय."

"तेच म्हणतोय मी."

चित्रातला मी अजून चालत होतो. त्यानं पँट झटकली, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच येऊन एका म्हाताऱ्या माणसाशेजारी बसला. मला आत्याच्या खिडकीतून आधी ऐकू येणारी घंटा आठवली. आत्याचं घड्याळ आठवलं. कमिटीतलं माझं वाक्य तर असं आठवलं, की वायरीत पुन्हा अडकून कुठेतरी खाली जावंसं वाटलं.

"बाबा," मी म्हणालो, "हे चित्र अर्धं मिनिट शिळं आहे. पहिल्यापासून."

ते माझ्याकडे वळले. "म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"तुमचं अगदी ठीक आहे. बिघाड माझ्याकडे आहे."

तोपर्यंत पाळकसाहेब चष्मा काढून, हात वर करून उभे होते. हात हळूहळू खाली यायला लागला होता. मंडळी उठावं की बसावं या विचारात अर्धवट वाकली होती. बाबांनी पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून आरसा काढला. खिळा जागच्या जागी होता. आरसा अडकवला, किंचित वळवला, पाळकसाहेबांना त्यात पाहिलं आणि बोटं पट्ट्यांवर टाकली. सगळी मंडळी एकदम उभी राहिली. तिसऱ्या रांगेत माझी बायको गात होती आणि डोळे पुसत होती.

गीत संपल्यावर मी गुच्छ दिला. आता तो कशासाठी ते कोणालाच माहीत नव्हतं. मी बाबांना विचारलं, "इतके दिवस तुम्ही बोलला का नाहीत?"

"आरसा असता तर आरशावर संशय घेतला असता," ते म्हणाले. "पण हे तुम्ही बसवलेलं. म्हटलं, चुकत असेल तर मीच."

मी खाली वाकून वायरी बाजूला करायला लागलो.

चिठ्ठी परत घेतली गेली. टॅब सध्या पाळकसाहेबांच्या सासूबाईंकडे आहे. आत्याचा फोन आला, की पांढरा डाग परत दिसतोय. मी म्हटलं, राहू दे. माध्यमप्रमुख मात्र अजून मीच आहे. कमिटीनं माझ्या कामात एकाची भर घातली आहे: दर रविवारी उपासनेआधी आरसा पुसणे. पहिल्या रविवारी मी घरून मऊ फडकं नेलं आणि आरसा लख्ख पुसला. जरा तिरका वाटला, म्हणून सरळ करायला बोट पुढे केलं.

"जावईबापू," बाबा आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "नुसतं पुसा."