बर्फावाचून पेंग्विन

पाव्हण्यांसमोर पेंग्विनाचं नावही काढायचं नाही, असं वचन रंगुबाईनं नवऱ्याकडून देवापुढं घेतलं होतं. भिमाजीनंही ते मनापासून दिलं होतं. झुंबरीचं, त्यांच्या लेकीचं, आधीचं स्थळ त्या पक्ष्यानंच मोडलं होतं.

भिमाजी नऊ वर्षं मालबोटीवर खलाशी होता. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या एका बेटावर त्यानं पेंग्विन पाहिले, तेही भर उन्हात, वाळूत बिळं करून राहणारे. पाथर्डीकडच्या त्याच्या गावानं हे ऐकलं आणि त्याचं नाव 'थापाड्या' पडलं ते पडलंच.

झुंबरीला बघायला आलेल्या मुलाचे वडील कानिफनाथ गुरुजी शाळेत भूगोल शिकवत. चहा घेता घेता ते म्हणाले, "बोटीवर होतात म्हणे. मग बर्फातले पेंग्विन पाहिले असतील."

रंगुबाईनं दारातून डोळे वटारले.

"पायले," भिमाजी म्हणाला. "पर बर्फ न्हवता."

"बर्फावाचून पेंग्विन?" गुरुजी हसले.

ते हसणं भिमाजीला झोंबलं. आता मागं सरणं नव्हतं. पुरणपोळीसाठी परातीत काढलेलं पीठ त्यानं मुठीनं उचललं आणि सारवलेल्या भुईवर आफ्रिका काढली.

"त्याला बर्फ न्हाई, मासा लागतो. मासा लई तो गार पान्यात. अन् दक्षिनेकडनं गार पानी असं वर चढतं."

ते कसं चढतं हे दिसावं म्हणून त्यानं हंडाच कलंडला. साल बाहत्तरचं, दुष्काळ, पाणी दोन कोसांवरनं आणलेलं. धार आफ्रिकेला वळसा घालून गुरुजींच्या धोतराखाली शिरली. "अवो, पानी!" करत रंगुबाई धावली, पिठाच्या चिखलावर घसरली आणि थेट गुरुजींच्या कपबशीवर बसली.

भिमाजी थांबला नाही. "उडता येत न्हाई त्याला. अंडी भुईवरच. म्हनून बेट बघतो. तिथं कोल्हा न्हाई, लांडगा न्हाई."

ओलं धोतर आवरत गुरुजी उठले. "पण गारठा सोडून उन्हात कशाला राहील तो?"

"आपली मानसं ऊसतोडीला हौसंनं जात्यात व्हय? पोट जिकडं, खोपट तिकडं."

गुरुजी चपला घालून निघून गेले. रंगुबाईनं तीन दिवस अबोला धरला.

चौथ्या दिवशी मध्यस्थ छगन निरोप घेऊन आला. मुलगी पसंत. खऱ्यासाठी लेकीचं लग्न पणाला लावणारा माणूस थापाड्या नसतो, असं गुरुजींचं म्हणणं. अट एकच, लग्नाच्या दिवशी भूगोल नको.

भिमाजीनं अट तिथल्या तिथं मान्य केली. मग छगनला वेशीपर्यंत पोचवायला गेला, तेव्हा हळूच विचारलं, "अन् हळदीच्या दिवशी?"