बावीस डिसेंबरची संक्रांत

आमच्या शेजारचे दामले सर संक्रांत बावीस डिसेंबरला करायचे. हो हो, डिसेंबरातच! सकाळी सकाळी स्टीलचा डबा घेऊन दारात हजर. "तीळगूळ घ्या, गोड बोला."

"अहो सर, संक्रांतीला अजून अवकाश आहे!"

"ती पंचांगाची. ही सूर्याची."

जन्मभर भूगोल शिकवून रिटायर झालेला माणूस. खिशात कायम भोवरा. कुणी 'का हो?' म्हणायचा अवकाश, की त्याच्याच ओट्यावर तो फिरवून दाखवायचे. "बघा, गरगर फिरतोय. पण डोकंही सावकाश गोल डुलतंय की नाही? आपली पृथ्वी तशीच. डुलते हो, डुलते! एक हेलकावा पुरा व्हायला सव्वीस हजार वर्षं. त्यापायी उत्तरायण सरकत सरकत डिसेंबरात आलं, आणि आपलं पंचांग बसलंय चौदा जानेवारीला धरून!"

विचुंब्याहून पनवेलात येणाऱ्या भाजीवालीलाही त्यांनी हे ऐकवलं. ती म्हणाली, "डुलू दे मास्तर. माजी टोपली पडली नाय म्हंजे झाला."

दामलेकाकू मात्र पक्क्या. चौदा जानेवारीला काळी साडी, हळदीकुंकू, वाण, सगळं रीतसर. सर चिडायचे, "घरातच अज्ञान!" काकू म्हणायच्या, "तुमची पृथ्वी डुलो, माझी संक्रांत हलायची नाही." हे भांडण लग्नापासूनचं. आणि गंमत म्हणजे, दोन्ही संक्रांतींचे लाडू वळायच्या काकूच.

नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. दिवाळीनंतर काकूंनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं. काकूंना कुणी बोललं नव्हतं, पण त्यांना का कळत नव्हतं?

बावीस डिसेंबरला मी पेज घेऊन गेले, तर काकू उशीला टेकून सरांना म्हणत होत्या, "अहो, यंदा तुमचीच संक्रांत करू या. आजच. बायकांना बोलवा, माझी काळी साडी काढा."

मला वाटलं, झालं! जन्माची लढाई जिंकली, आता सर भोवरा काढणार.

सर ताडकन उठले. "मुळीच नाही! संक्रांत चौदा जानेवारीलाच. पंचांगात छापलंय!"

"आणि पृथ्वी डुलते ती?"

"डुलू दे! तू हळदीकुंकू चौदालाच करायचंस. नेहमीसारखं." शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज फुटला.

"बरं," काकू म्हणाल्या, आणि हसल्या.

काकू जानेवारी लागता लागता गेल्या. चौदा तारीख काही त्यांना गाठता आली नाही.

पुढच्या वर्षी बावीस डिसेंबरला मी मुद्दाम दार उघडं ठेवलं. सर आले नाहीत. आले ते चौदा जानेवारीला, तोच स्टीलचा डबा घेऊन. लाडू वेडेवाकडे, दाताला दाद देईनात.

"सर, तुम्ही आणि आज?"

"तिची आज असते ना," सर म्हणाले. मग माझ्या हातातल्या लाडवाकडे बघत राहिले. "कडक झालेत. पाक झाला हे कसं ओळखायचं, ते तिला विचारायचंच राहिलं."