सुधारणेला वाव

उन्हाळा ओसरेपर्यंत संध्याकाळी गॅस पेटवायचा नाही, असा ठराव आस्थापना विभागाच्या हेडक्लार्कसाहेबांच्या घरी एकमताने मंजूर झाला. ते एकमत पत्नीचं होतं. त्या शाळेत गणित शिकवत. सुट्टी लागली होती, पण उत्तरपत्रिकांचे सात गठ्ठे घरी येऊन पडले होते आणि घर होतं सगळ्यात वरच्या मजल्यावर. संध्याकाळी सहालासुद्धा स्वयंपाकघराच्या भिंतीला हात लावला, तर ती तापाने फणफणल्यासारखी लागे.

"मी आता बाहेर जेवणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही आलात तर बरं, नाहीतर मी एकटी जाईन."

साहेब तयार झाले. त्यांनी एक नवी फाइल काढली आणि तिच्यावर 'शहरातील नवीन उपाहारगृहे : पाहणी' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. भूक लागली की उठायचं आणि जवळच्या ठिकाणी जाऊन जेवायचं, अशी त्यांची जुनी समजूत होती. ती कॉलेजात शिकणाऱ्या पुतणीने दूर केली. तिने त्यांच्या मोबाइलवर एक अ‍ॅप बसवून दिलं.

"काका, इथे लोक तारे देतात. चारच्या खाली कुठे जायचं नाही."

"का?"

"कारण तिथे कोणी जात नाही."

"कोणी का जात नाही?"

"चारच्या खाली आहे म्हणून," पुतणी म्हणाली. साहेबांना हा युक्तिवाद ताबडतोब पटला. त्यांचं कार्यालय याच तत्त्वावर चालत होतं.

पहिलं ठिकाण चार पूर्णांक आठ ताऱ्यांचं निघालं. बाहेर फुटपाथवर एक तास दहा मिनिटं उभं राहिल्यावर आत जागा मिळाली. जेवण काळ्या फरशीच्या तुकड्यावर आलं. त्यावर शेंगेचे तीन तुकडे होते आणि त्यांच्याखालून धूर येत होता. वेटरने त्या शेंगेचा पूर्वेतिहास चार मिनिटं सांगितला. शेजारच्या टेबलावरचा एक गृहस्थ खुर्चीवर चढून आपल्या सूपचे फोटो काढत होता. मनासारखा फोटो येईपर्यंत सूप गार झालं, तेव्हा त्याने खाली उतरून सूप गार असल्याची तक्रार केली. शेवटी वेटर मोबाइल पुढे करून साहेबांच्या खांद्याशी उभा राहिला.

"पाच द्या साहेब. चार दिलेत तर उद्या मॅनेजर मला कारण विचारतो."

साहेबांनी पाच दिले. घरी येऊन दोघांनी पाव आणि केळी खाल्ली. फाइलीत नोंद झाली : 'समाधानकारक.'

दुसऱ्या ठिकाणी मेनू फक्त मोबाइलवर होता आणि रेंज फक्त रस्त्यावर होती. साहेब बाहेर जाऊन एकेक पदार्थ वाचत आणि आत येऊन पत्नीला सांगत. पाचव्या फेरीला त्यांची खुर्ची दुसऱ्याला दिली गेली.

तिसऱ्या संध्याकाळी ते बसस्थानकामागचं एक चार पूर्णांक सहा शोधत होते. रस्ता खणून ठेवला होता, अ‍ॅप त्यांना तीनदा त्याच खड्ड्यापाशी नेत होतं. पत्नीला घेरी आल्यासारखं झालं. समोर एक अरुंद दुकान होतं, आत सहा स्टुलं आणि छताला एक पंखा. त्या आतल्या एका स्टुलावर बसल्या.

चुलीजवळच्या बाईंनी काही न विचारता आधी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. त्यांचं वय पंचावन्नच्या आसपास असेल. पदराने कपाळ पुसून त्या परत जाळाकडे वळल्या.

"काय काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"आज मासा आहे. मासा नको असेल तर उद्या या."

वाटाण्याचं सूप आलं, पाव आला, मग भाजलेला मासा. बोलायला दोघांचंही तोंड रिकामं नव्हतं. उठताना पत्नीने ताटलीतला शेवटचा रस पावाने पुसून खाल्ला, आणि हे त्या शाळेत डब्याच्या सुट्टीतही करत नसत.

"किती वर्षांनी मला कोणीतरी आयतं, गरम, पोटभर वाढलं," त्या रस्त्यात म्हणाल्या. पुढच्या दोन आठवड्यांत त्या तिथे पाच वेळा गेल्या. बाई आणि त्या फारसं बोलत नसत, पण त्या आल्या की बाई पंख्याखालचं स्टूल मोकळं करून देत.

साहेबांना मात्र एका गोष्टीने झोप येईना. हे दुकान अ‍ॅपवर नव्हतं. इतकं चांगलं काही चालू आहे आणि त्याची कुठेच नोंद नाही, ही गोष्ट त्यांच्या शिस्तीत बसेना. एका रविवारी त्यांनी स्वतः ती नोंद केली आणि तारे दिले चार.

"पैकीच्या पैकी का नाही?" पत्नीने लाल पेन खाली ठेवून विचारलं.

"एकतीस वर्षं मी कर्मचाऱ्यांचे गोपनीय अहवाल लिहितोय. पैकीच्या पैकी कुणालाच दिलेले नाहीत. माणूस शेफारतो."

"आमच्याकडे उत्तर बरोबर असलं की द्यावेच लागतात."

साहेबांनी ते ऐकलं नाही. ते अभिप्राय लिहीत होते : 'अन्न उत्कृष्ट. मालकीणबाई मितभाषी. पंख्याचा आवाज येतो. सुधारणेला वाव आहे.'

आठवड्याभरात दुकानापुढे रांग लागली. रांगेत उभं राहिलेल्या माणसाला मत असतंच. 'एकच पदार्थ. ग्राहकाला निवडीचं स्वातंत्र्य नाही. दोन तारे.' 'बाई हसत नाहीत. दोन तारे.' 'मी मासे खात नाही, तरी मासाच दिला. एक तारा.' 'सोमवारी गेलो, बंद होतं. चव बरी नसावी. एक तारा.' एकाने प्रांजळपणे लिहिलं होतं : 'अजून गेलेलो नाही, पण बाकीच्यांचं वाचून वाईट वाटलं. दोन तारे.' पंख्याच्या आवाजाबद्दल शेहेचाळीस तक्रारी आल्या. सहा स्टुलांच्या दुकानात इतकी माणसं बसली कधी, हे कोणी मोजलं नाही.

मग अ‍ॅप कंपनीचा ग्राहक-समाधान अधिकारी बूट वाजवत दुकानात आला. तारे साडेतीनच्या खाली गेले आहेत, महिन्यात सुधारणा झाली नाही तर दुकान 'टाळावीत अशी ठिकाणे' या यादीत जाईल, असं त्याने सौजन्यपूर्वक सांगितलं. बाईंना तारे म्हणजे काय, हेच ठाऊक नव्हतं. त्यांनी पंख्याखालच्या ताईंच्या मिस्टरांना विचारलं, कारण ते सरकारी कामातले होते.

ती पहिली नोंद आपली, हे साहेब कबूल करू शकले नाहीत. भरपाई म्हणून त्यांनी रात्रभर जागून बाईंसाठी बावीस कलमी सुधारणा आराखडा तयार केला. बाईंनी तो विश्वासाने अमलात आणला. पंखा गेला, त्या जागी पाण्याचे तुषार उडवणारं यंत्र आलं. स्टुलं गेली, उंच खुर्च्या आल्या. मेनूत अडतीस पदार्थ आले, ते करायला दोन स्वयंपाकी आले, आणि मासा आता फ्रीझरमधून येऊ लागला. तारे चार पूर्णांक सातवर गेले. साहेबांनी समाधानाने आराखड्याची प्रत फाइलीला लावली.

उत्तरपत्रिका संपल्यावर पत्नी पुन्हा तिथे गेल्या. उंच खुर्चीवरून त्यांचे पाय लोंबकळत होते. दोन घास खाऊन त्यांनी चमचा खाली ठेवला.

"बाई, हे तुम्ही केलंत?"

"नाही ताई," बाई म्हणाल्या. "मी आता दारात उभी राहून हसते. जाळाजवळ दुसरे आहेत."

पंधरा दिवसांत नवे अभिप्राय येऊ लागले. 'पहिल्यासारखं राहिलं नाही.' 'पूर्वी इथे एकच पदार्थ मिळायचा, त्यात जीव होता.' 'बाईंचं हसू खोटं वाटतं.' 'तो जुना पंखा कुठे गेला?' तारे भराभरा उतरले. तेव्हा मात्र साहेब एका दुपारी एकटेच दुकानात गेले आणि पहिला अभिप्राय आपण लिहिला होता, हे त्यांनी सांगून टाकलं. बाई ओरडतील, निदान रडतील, अशी त्यांची अपेक्षा होती. दोन्हीसाठी त्यांनी उत्तरं तयार ठेवली होती.

"पंख्याचा आवाज यायचा हे खरंच आहे साहेब," बाई म्हणाल्या. "मला सांगितलं असतंत तर मी तेल घातलं असतं."

त्याच आठवड्यात बाईंनी दुकानाला कुलूप लावलं.

दुकान बंद झाल्याची बातमी पसरताच शहर हळहळलं. 'अशी अस्सल माणसं आता राहिली नाहीत,' असं लिहून लोकांनी पाच-पाच तारे दिले. त्यांतल्या निम्म्यांनी बाईंना पाहिलंही नव्हतं. बंद शटरसमोर फोटो काढायला गर्दी होऊ लागली आणि ऊन लागू नये म्हणून कोणीतरी तिथे मांडव घातला. 'या उन्हाळ्यात चुकवू नयेत अशी दहा ठिकाणे' या यादीत ते शटर पहिलं आलं.

इकडे साहेबांच्या पत्नी मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी एकट्याच बाहेर जाऊ लागल्या. परत येत तेव्हा चेहरा शांत असे आणि घरातल्या पाव-केळ्यांना त्या हात लावत नसत.

"कुठे जातेस?" साहेबांनी न राहवून विचारलं.

"जेवायला. बाई घरी चौघींपुरतं करतात."

"मला नेशील?"

"नाही."

"अगं, मी काही लिहिणार नाही."

"लिहिणार नाही," पत्नी म्हणाल्या, "पण मनात चार द्याल."

मनात साहेबांनी चारच धरले होते.

ही हकीकत आम्ही आजवर तीसएक सुजाण, संवेदनशील, वाचनाची आवड असलेल्या माणसांना सांगितली आहे. सगळ्यांनी तारे देणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडली, समाज कुठे चाललाय म्हणून सुस्कारे सोडले. बाई आता कशा आहेत, हे त्यांतल्या एकानेही विचारलं नाही. सगळ्यांनी पत्ता विचारला. आणि आपणही तो विचारणार होतो, हे तुम्ही कबूल करेपर्यंत आम्ही तुमच्याशीही फार बोलणार नाही.