लोटन जिभाऊंचं मोकळं यार्ड

आमच्या म्हसावदच्या गल्लीत सकाळी आधी कोंबडा आरवतो, मग दुधाची मोटारसायकल फटफटते आणि मग शिट्टी वाजते. शिट्टी लोटन जिभाऊंची. नवख्या पाहुण्याला वाटतं, कोणीतरी पोरांना कवायतीला बोलावतंय. गल्लीतल्या माणसाला मात्र ठाऊक असतं की जिभाऊंच्या मोबाइलमधली ईमेलची पेटी आत्ता रिकामी झाली. एक मेल शिल्लक नाही. बायका त्या शिट्टीवर कुकर उतरवतात आणि मी, त्यांच्या समोरच राहणारा शाळामास्तर, त्या शिट्टीवर आंघोळीला पळतो.

जिभाऊ हे आमच्याकडे वडीलधाऱ्याला मानाने म्हणायचं. लोटन जिभाऊंनी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या गेटवर काढली. उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक यांना टोकन द्यायचं, रांगेत लावायचं आणि यार्ड, म्हणजे गाड्या थांबतात ते आवार, तुंबू द्यायचं नाही, एवढं काम. पण ते काम करताना त्यांचा थाट असा की कारखाना साखर काढतो ती त्यांच्या शिट्टीवर. यार्ड तुंबलं की ऊस वाळतो, बैल उपाशी राहतात आणि गाडीवाले एकमेकांची गचांडी धरतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं. निवृत्तीनंतर गेट सुटलं, शिट्टी तेवढी घरी आली आणि काही वर्षं ट्रंकेत पडून राहिली.

निवृत्तीच्या वेळी पेन्शनच्या कामासाठी कोणीतरी त्यांना ईमेलचा पत्ता काढून दिला. तो पत्ता जिभाऊंना भलताच आवडला. शहाद्याला बूट घेतला, दिला पत्ता. चष्मा केला, दिला पत्ता. मॉलमध्ये नुसते गारव्याला शिरले, तरी दारातल्या मुलीला पत्ता देऊन आले. आपल्याकडे कोणी पत्ता विचारला तर नाही म्हणायची पद्धत नाही, वर ‘या कधी घरी’ म्हणतात. तसे ते सगळे घरी आले. सुरुवातीला जिभाऊ प्रत्येकाला उत्तर लिहीत. ‘आपला मेल मिळाला, इकडे सर्व कुशल.’ विमावाल्यांना तर त्यांनी यंदा पपईला भाव नसल्याचंही कळवलं होतं. आपली इतकी विचारपूस करणारा माणूस विमावाले थोडेच सोडतात. पेटीत दिवसाला ढिगाने मेल पडू लागले.

मग एका वर्षी, आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, नुकतीच उलटली असताना, जिभाऊंनी ट्रंकेतून शिट्टी काढली आणि पेटी साफ करायला घेतली. असं अचानक काय झालं ते कोणालाच कळलं नाही. विचारलं तर एकच उत्तर यायचं, ‘‘यार्ड मोकयं पाह्यजे.’’

स्वतःचं यार्ड मोकळं झाल्यावर त्यांची नजर दुसऱ्यांच्या यार्डांकडे वळली. पहिला बळी मी. माझ्या फोनवर न वाचलेल्या मेलांचा आकडा पाहून ते माझ्या ओट्यावर मटकन बसले. मी आयुष्यभर हेच असं चालवलंय का, असं त्यांनी मला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता फोन ओढून घेतला. एकेका मेलवर बोट ठेवून विचारू लागले, ‘‘सर, याले तुम्ही बलायं व्हतं का?’’

बलायं म्हणजे बोलावलं. मी कोणालाच बोलावलं नव्हतं. जमिनीच्या प्लॉटवाल्यांना नाही, केस उगवणाऱ्यांना नाही आणि मला मलेशियाच्या सहलीला नेणाऱ्यांना तर मुळीच नाही. पुढचा प्रश्न, गाडीत ऊस आहे की रिकामीच आली आहे? रिकामी असेल तर परत. दुकान ओळखीचं असेल तर मेलच्या तळाशी बारीक अक्षरात ‘यापुढे पाठवू नका’ अशी सोय असते, ती जिभाऊ चिमटीत ढेकूण पकडावा तशी शोधून दाबत. माणूस अनोळखी असेल तर मात्र तिथे बोटही लावायचं नाही. त्याला येऊ नको म्हटलं तरी घरात माणूस आहे हे त्याला कळतं, मग तो चार भाऊबंद घेऊन येतो. त्याला मुकाट्याने यार्डाबाहेर काढायचं. बँकेचे, विजेच्या बिलाचे मेल आपोआप वेगळ्या रांगेला लावायचे. आणि दुकानदाराने मागितला तर द्यायला दुसरा एक पत्ता काढून ठेवायचा. त्याला जिभाऊ ‘गोठ्याचा पत्ता’ म्हणतात. घरचा पत्ता घरच्यांना, बाकीच्यांनी गोठ्यात बसावं.

त्या झपाट्यात त्यांनी माझ्या शाळाखात्याची परिपत्रकंही रिकाम्या गाड्या समजून हाकलली. मी एका प्रशिक्षणाला गेलो नाही आणि हेडमास्तरांनी मला केबिनमध्ये उभं केलं. मी घरी येऊन जिभाऊंवर चिडलो. त्यांनी शांतपणे ते परिपत्रक शोधून काढलं, चष्मा चढवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, यात ऊस कुठे आहे ते दाखवा. मी दाखवू शकलो नाही. तरीही त्या रांगेला गेट उघडून द्यायला मी त्यांना भाग पाडलं, पण त्यांचं मन त्यात नव्हतं.

खापर गावच्या लग्नात तर कहर झाला. जिभाऊंच्या भाच्याचं लग्न. हळद लागलेला नवरदेव मांडवात बसलेला, त्याच्या हाताला काम नाही, म्हणून जिभाऊंनी त्याचा फोन घेतला आणि कोपऱ्यात बसून यार्ड झाडायला लागले. मुलीकडच्यांना दिसलं एवढंच, की मुलाचा मामा मुलाचा फोन तपासतोय आणि वरचेवर मान हलवतोय. मुलीचे काका घाबरत घाबरत आले. फोनमध्ये काही आहे का, असं त्यांनी विचारलं. जिभाऊंनी समाधानाने सांगितलं, ‘‘लई भानगडी व्हत्यात. सगया काढी टाक्यात मी.’’ त्यानंतर अक्षता पडायला बराच उशीर झाला. नवरदेवाला आधी सासऱ्यांसमोर बसून, त्या भानगडी म्हणजे क्रेडिट कार्डवाले आणि बनियनची दुकानं होती, हे पटवून द्यावं लागलं. जिभाऊ मात्र पंगतीत मजेत जेवत होते.

असा हा माणूस. अंगात भीड नाही, बोलण्यात शंका नाही. शहाद्याच्या बँकेत रांगेत उभे असले तरी पुढच्याच्या खांद्यावरून त्याचा फोन वाचतात आणि ‘तुन्हं यार्ड तुंबेल शे’, तुझं यार्ड तुंबलंय, असं सांगतात. लोक हसतात, चिडतात आणि शेवटी फोन पुढे करतात. मीसुद्धा तेच केलं आणि सांगायला हरकत नाही, मला फार बरं वाटलं. आता सकाळी फोन उघडला की चार मेल असतात आणि चारही माझेच असतात.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात शिरत नव्हती. मेलच्या पेटीत एक अडगळीची खोली असते, स्पॅम म्हणतात तिला. जे मेल भुरटे वाटतात त्यांना यंत्र परस्पर तिथे कोंबतं. शहाणा माणूस तिथे फिरकत नाही. आणि जिभाऊ, सगळ्यांना हाकलणारे जिभाऊ, रोज सकाळी आधी त्या खोलीत शिरायचे आणि तिथला एकेक मेल उघडून सावकाश वाचायचे. लॉटरीवाला वाचायचे, परदेशातल्या विधवा राणीचा वाचायचे, टकलाचं औषधही वाचायचे, आणि मगच ती खोली झाडायचे. शिट्टी त्याच्यानंतर. एकदा मी त्यांना छेडलं. म्हटलं, जिभाऊ, गल्लीत कोणाला दयामाया दाखवत नाही तुम्ही, मग या चोरांचाच एवढा लळा का?

त्यांनी चष्मा काढला. ‘‘टाकेल गाडीमाबी कोन्ही मानूस बठेल ऱ्हास, सर.’’

टाकून दिलेल्या गाडीतही कोणी माणूस बसलेला असतो. मग त्यांनी जे सांगितलं ते मी गल्लीत कोणाकडूनही ऐकलं नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली सुरतेला नोकरी करते, एवढंच आम्हाला माहीत होतं. आई गेल्यावर जिभाऊंनीच तिचं सगळं केलं. तिने तिकडे ऑफिसातल्या एका मुलाशी लग्न केलं, न विचारता, आणि लग्न झाल्यावर फोन करून सांगितलं. जिभाऊंना ते सहन झालं नाही.

‘‘माले फोन करू नको, सांगं व्हतं मी,’’ जिभाऊ म्हणाले. ‘‘पोर ऐकनारी शे. तिनी फोन नही करा. मेल करा. मेल करू नको असं काय मी सांगं नव्हतं.’’

आखाजी म्हणजे आमच्या खानदेशातल्या लेकींचा सण. अक्षय तृतीयेला सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण मुलगी आपली आपण येत नाही. तिला आणायला माहेरचा मुराळी जातो, बहुतेक तिचा भाऊ. वैशालीला भाऊ नाही. म्हणून तिने मेलमध्ये लिहिलं होतं की ती आखाजीच्या आदल्या दिवशी गाडीने नंदुरबारपर्यंत येते. तुम्ही स्टेशनवर आलात तर घरी येईन, नाही आलात तर समजून घेईन. तो मेल बुटांच्या आणि चष्म्यांच्या ढिगाखाली गेला. जिभाऊंनी त्या दिवशी नेहमीसारखी एकट्यापुरती भाकरी टाकली आणि झोपले. पेन्शनचं काहीतरी शोधताना मेल सापडला तेव्हा आखाजी होऊन गेली होती. त्यांनी लगेच तिला सगळं लिहिलं. तिचं उत्तर दोन ओळींचं आलं. परतीची गाडी येईपर्यंत मी बाकावर बसले होते. पुढे बघू.

त्या ‘बघू’वर हा माणूस रोज सकाळी यार्ड झाडत होता. मी चहा ठेवायला आत गेलो तो बराच वेळ आत राहिलो.

यंदा आखाजीच्या आठवड्यात एका सकाळी शिट्टी वाजायच्या आधीच जिभाऊ माझ्या दारात आले. पायात चप्पल नव्हती. मोबाइल माझ्यापुढे धरला आणि वाचा म्हणाले. वैशालीने नवी नोकरी धरली होती, नव्या ऑफिसच्या पत्त्यावरून लिहिलं होतं, आणि तो पत्ता अनोळखी म्हणून यंत्राने तिला सरळ अडगळीच्या खोलीत ढकललं होतं, लॉटरी आणि टकलाच्या मधोमध. मेलमध्ये गाडीचं नाव होतं आणि दिवस होता. बाकी काही नाही. मी दोनदा वाचला. मग त्यांनी तो माझ्या हातून घेऊन पुन्हा वाचला.

‘‘बाप मुराळी जात नही, सर,’’ ते म्हणाले. ‘‘तिले भाऊ नही. तुम्ही चला.’’

मी तसा भावनेने विरघळणारा माणूस नाही. पण त्या दिवशी शाळेत रजेचा अर्ज टाकताना मी कारणाच्या जागी ‘बहिणीला आणणे’ असं लिहिलं आणि मला त्याचा अभिमान वाटला.

आम्ही जीप करून नंदुरबारला गेलो. जाताना जिभाऊ सारखे मोबाइल काढून तो मेल वाचत होते. त्यांच्या मनात काय चाललं होतं हे मला स्वच्छ दिसत होतं. ती येईल की नाही, आणि आली तरी त्यांच्याकडे बघेल की नाही. स्टेशनवर ते फलाटाच्या टोकाला, पाण्याच्या नळाआड जाऊन उभे राहिले. सगळ्या तालुक्याला धाक दाखवणारा माणूस नळाआड उभा होता. गाडी आली. तिशीतली एक बाई एक बॅग घेऊन उतरली आणि इकडेतिकडे न बघता जागेवरच उभी राहिली. मी गल्लीत राहायला आलो तो ती सुरतेला गेल्यावर, तिला कधी पाहिलं नव्हतं; पण जिभाऊंचंच कपाळ, ओळख पटायला वेळ लागला नाही. मी पुढे होऊन म्हटलं, मी समोरचा मास्तर, तुमचा मुराळी म्हणून आलोय. तिने मला नीट नमस्कार केला. मग तिची नजर माझ्या मागे गेली आणि ती मला ओलांडून नळाकडे चालू लागली.

‘‘आबा,’’ ती म्हणाली, ‘‘मन्हा मेल भेटना व्हता का?’’

‘‘भेटना,’’ जिभाऊ म्हणाले. ‘‘यार्ड मोकयं व्हतं.’’

बॅग मी उचलली.

जीपमध्ये बापलेक मागे बसले. मग वैशालीने वेळ बघायला फोन काढला आणि जिभाऊंची नजर त्यावर पडली. न वाचलेल्या मेलांचा तो आकडा माझ्या जुन्या आकड्यालाही लाजवणारा होता. ‘‘आन इकडे,’’ जिभाऊ म्हणाले. तिने निमूट दिला. मग प्रकाशा गावचा तापीवरचा पूल येईपर्यंत मागून तोच आवाज येत राहिला. याले तू बलायं व्हतं का? नाही. परत. हा कोण? कोण जाणे, आबा. परत. मध्येच ती हसली. ते नाही हसले, ते कामात होते. साड्यावाले गेले, कर्जवाले गेले, प्लॉटवाले गेले. पूल संपला तेव्हा तिने डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवलं होतं.

‘‘ऱ्हाऊ दे आते, आबा,’’ ती अर्धवट झोपेत म्हणाली. ‘‘उद्या बी मी अठेच शे.’’

जिभाऊंनी फोनकडे पाहिलं. यार्ड अजून निम्मंही मोकळं झालं नव्हतं. त्यांनी फोन बंद केला आणि आपल्या खिशात ठेवला. यार्ड भरलेलं असताना लोटन जिभाऊंनी काम थांबवलं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबडा आरवला, दुधाची मोटारसायकल येऊन गेली आणि शिट्टी वाजली नाही. गल्लीत दोन-तीन कुकर चालूच राहिले. जिभाऊ बरे आहेत ना, असं माझ्या बायकोने मला विचारलं. मी खिडकीतून बघितलं. बरे होते. दारातल्या कडुनिंबाच्या फांदीला दोर टाकून ते झोका बांधत होते, आणि गाठ पक्की बसली का ते स्वतः लोंबकळून बघत होते.