आखडणारा दोर

आमच्या शेजारचे सदाभाऊ दर उन्हाळ्यात विहिरीचा दोर बदलत. विहिरीचं पाणी खाली गेलं, असं लोक म्हणत. सदाभाऊंना ते मंजूर नव्हतं. पाणी जिथल्या तिथं आहे, दोर आखडतो, असं त्यांचं म्हणणं.

"सूत भिजलं का आखडते, मास्तर. तुमी शाळंत शिकवता, आमी मागावर शिकलो."

सदाभाऊ कोष्टी, उभा जन्म हातमागावर गेलेला. सुताच्या बाबतीत त्यांच्याशी कोण वाद घालणार?

तसा जगावरच त्यांचा विश्वास कमी. दूधवाल्याचं माप, पोस्टातला काटा, रेडिओवरची वेळ, सगळ्यांत लबाडी आहेच, अशी त्यांची खात्री. "आपन सोता मोजल्याबिगर मानत नाही गा," हे पालुपद. मोजायचं ते स्वतःच्या हातानं, कोपरापासून बोटापर्यंत.

एकदा ते भांडायला इतवारीच्या बाजारात दोरवाल्याकडे निघाले. साक्षीदार म्हणून मला नेलं. दोरवाल्यानं दोर मोजला, वीस हात भरला. सदाभाऊंनी मोजला, वीसच हात भरला. त्यांनी दोर ताणून पाहिला. मग म्हणाले, "आता सुकला हाय ना, म्हनून भरून राहिला." आणि आणखी पाच हात दोर घेऊन परतले.

मलाही खोड जिरवायची हौस. मी तेवढ्याच लांबीचा नायलॉनचा दोर आणला. हा भिजो की वाळो, आखडायचा नाही. सदाभाऊंनी बादली सोडली आणि ती पाण्याच्या चार हात वर लोंबकळत राहिली. त्यांनी दोराकडे पाहिलं, रहाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"रहाट कोनी वर सरकवला, मास्तर?"

"कोण सरकवणार?"

"मंग जमीन वर येऊन राहिली असन. सडकेवर डांबर थोडं टाकते का ते लोकं!"

एवढा संशयी माणूस, पण एका गोष्टीवर त्यांनी कधी संशय घेतला नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही मधल्या भिंतीलगत, त्यांच्या विहिरीला खेटून, बोअर मारून मोटर बसवली होती. तेव्हा नारळ घेऊन सदाभाऊच आले होते. सकाळी मोटर सुरू झाली की भिंतीपलीकडून म्हणत, "बढिया चालून राहिली तुमची मोटर." मीही तो विषय कधी वाढवला नाही. दोराची चेष्टा करणं मला सोयीचं होतं.

विहिरीचं पाणी सदाभाऊ स्वतः ओढत, बायकोला काठाशी येऊ देत नसत. गोदाबाई पारशिवनीकडच्या. लहानपणापासून कोसभर लांबून डोक्यावरून पाणी आणलेलं. मुलगी बघायला गेले तेव्हा सासऱ्यानं एकच प्रश्न विचारला होता, पाण्याचं काय? सदाभाऊंनी शब्द दिला होता, "दारात विहीर हाय. पोरीच्या डोक्यावर घागर चढनार नाही." हे त्यांनी मला निदान शंभर वेळा सांगितलं असेल. विहीर आटली असं कबूल करायचं, तर हा शब्द मोडला असं कबूल करायचं.

मे महिन्यातली भर दुपार. कूलर लावून सगळी गल्ली झोपली होती. खिडकीतून मला सदाभाऊ दिसले. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, खांद्यावर कावड, दोन्हीकडे बघत मागच्या बोळातून चाललेले. या माणसाचं काहीतरी काळंबेरं आहे, असं वाटून मी अंगणात गेलो.

कावडीला दोन डबे होते. सार्वजनिक नळाच्या पाण्यानं भरलेले. ते त्यांनी विहिरीत हळूहळू, आवाज न करता ओतले. जरा दम खाल्ला. मग बादली सोडली आणि रहाट मुद्दाम करकरवत मोठ्यानं हाक मारली, "पाह्य वं, भरली हाय आपली विहीर!"

वळले तो समोर मी.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "मोजू नका."

चार दिवसांनी गोदाबाई आमच्याकडे चहाला आल्या. मला राहवेना. "वहिनी, तुमची विहीर..." एवढंच म्हटलं.

"मले माहीत हाय, भाऊजी," त्या शांतपणे म्हणाल्या. "नळाच्या पान्याचा वास काय समजत नाही का? दोन साल झाले. पन त्याईले सांगू नका. माह्या बाबाले देलेला शब्द मोडला, असं त्याईले वाटलं तर ते माह्याकडं पाहू शकनार नाहीत. म्हनून रोज हाक आली का मी म्हनते, भरली हाय."

मला स्वतःची लाज वाटली. दोघंही एकमेकांसाठी खोटं बोलत होते. मी खोटं बोलत होतो ते फक्त माझ्यासाठी. आजपासून मोटर बंद, असं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून बायको म्हणाली, "अहो, टाकी रिकामी झाली."

गोदाबाई गेल्यावर मी मोटरपाशी उभा राहिलो. पलीकडे सदाभाऊंची बादली विहिरीच्या तळाशी दगडावर आपटली. एका टाकीनं असं काय होतंय, असं मनाशी म्हटलं आणि बटण दाबलं.